सुरी हातात देऊ नये

आपल्या घरांतून एक रीत अजून चालत आलेली आहे. सुरी, कात्री किंवा अडकित्ता कोणी मागितला, तर तो थेट हातात द्यावयाचा नाही. खाली ठेवावयाचा, आणि मागणाऱ्याने तो उचलून घ्यावयाचा. हातात दिला तर दोघांत भांडण होते, असे म्हणतात. जेथे नुसती देण्याघेण्याची ही कथा, तेथे भेट म्हणून सुरी देणे तर दूरच राहिले. अलीकडे दिवाळीच्या दिवसांत दुकानांतून लाकडी ठोकळ्यात खोचलेले सुऱ्यांचे संच रंगीत कागदात बांधून मिळतात, आणि लोक ते नेतातही. पण तो कागद सोडताना घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कपाळावर एक आठी उमटून जाते. ती काही बोलत नाही. पाहुणा गेल्यावर बोलते.

या रीतीचा अर्थ लावणारे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ही साधी खबरदारी आहे. धारेची वस्तू देताघेता बोट कापू नये म्हणून कोणा शहाण्या पूर्वजाने भांडणाची भीती घालून ठेवली. दुसरा म्हणतो, हे निव्वळ खूळ. पहिल्याचे म्हणणे पटण्याजोगे आहे, पण त्याने भेटीचा उलगडा होत नाही. कागदात गुंडाळलेल्या सुरीने कोणाचे बोट कापणार? इंग्लंडातही सुरीची भेट मैत्री तोडते असा जुना समज आहे. त्यावर त्यांचा तोडगा असा की, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक लहानसे नाणे ठेवावयाचे. नाणे दिले की भेट उरत नाही, व्यवहार होतो, आणि मैत्री बचावते. आपली जमीन काय किंवा त्यांचे नाणे काय, दोहोंचे काम एकच आहे. दोन हातांच्या मध्ये काहीतरी आणावयाचे. धार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सरळ जाऊ द्यावयाची नाही, वाटेत तिला क्षणभर थांबवावयाचे.

आणि गंमत अशी की, धारेला इतके भिणारा हाच आपला समाज ती मोठ्या प्रेमाने देतोही. कित्येक समाजांत नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू टोचतात. पाचवीच्या पूजेला बाळंतिणीच्या खोलीत धारेचे लोखंड ठेवतात. खंडेनवमीला तलवारीच्या शेजारी विळी, कोयता, न्हाव्याचा वस्तरा, सुताराची पटाशी अशी सारी मंडळी झेंडूची फुले लेवून एका पंक्तीला बसतात. पानाच्या डब्यासोबत नक्षीचा अडकित्ता कौतुकाने दिलाघेतला जातो. आणि मुलीच्या संसाराची भांडी मांडताना विळी विसरणारी आई मी तरी पाहिलेली नाही.

येथे विळी आणि सुरी यांतला भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. सुरी वस्तूकडे जाते. विळीकडे वस्तू जाते. विळीची धार पाटाला जखडलेली असते, आणि कापणाऱ्या बाईने तिच्यापुढे खाली बसावे लागते. विळी उगारता येत नाही. ती घेऊन कोणाच्या अंगावर धावून जाता येत नाही. काम झाले की पाते आडवे करून ठेवावयाचे, हा तिचा पहिला धडा. लेकीला धार द्यावयाची तर ती बसलेली द्यावी, असे तर आपल्या आज्या-पणज्यांच्या मनात नसेल ना?

परंतु मला आज लोकरीतींवर लिहावयाचे नाही. साहित्यावर लिहावयाचे आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत मी भाषांतराचे बोट धरून वाचते, आणि ग्रीक मंडळींची गाठही परभाषेच्या ओसरीवरच पडलेली. तेव्हा पंडितांच्या पंक्तीला पाट मांडून घेण्याचा माझा हक्क नाही. पण मुलांना वर्षानुवर्षे गोष्टी सांगणाऱ्या आणि अधूनमधून कादंबरी लिहिणाऱ्या बाईला एक खोड जडते: गोष्टीतली वस्तू कोणी कोणाला दिली, आणि पुढे तिचे काय झाले, याचा ती हिशेब ठेवते. शस्त्राच्या भेटींचा असा हिशेब मांडताना मला जे दिसले, ते वाचकांपुढे ठेवते.

आरंभ वाल्मीकीपासून करते. अरण्यकांडात राम, लक्ष्मण आणि सीता सुतीक्ष्ण ऋषींच्या आश्रमातून निघतात. दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने वचन दिलेले आहे की, मी राक्षसांचा नाश करीन. निघताना दोघां भावांच्या हाती भाते, धनुष्ये आणि लखलखीत तलवारी कोण देते? सीता देते. आठव्या सर्गाच्या अखेरीस वाल्मीकीने ही गोष्ट एका श्लोकात सांगून टाकली आहे, आणि वाचणाऱ्याचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला बायकोने डबा-छत्री द्यावी, तितक्या सहजपणे ती शस्त्रे देते. आणि पुढच्याच सर्गात ती बोलू लागते.

ती म्हणते ते थोडक्यात असे. इच्छेतून उपजणारी व्यसने तीन. खोटे बोलणे हे एक; ते तुमच्यात नाही. परस्त्रीचा मोह हे दुसरे, तेही नाही. पण तिसरे, वैर नसताना दुसऱ्याच्या जिवावर उठणे, ते मात्र मला आता समोर उभे राहिलेले दिसते. राक्षसांनी तुमचे काय केले आहे? हाती धनुष्य घेऊन तुम्ही या वनात शिरत आहात, हे मला रुचत नाही. आणि मग ती एक गोष्ट सांगते.

एका पुण्य वनात एक सत्यवचनी तपस्वी राहत असे. त्याच्या तपात विघ्न आणावे म्हणून इंद्र एका योद्ध्याचे रूप घेऊन आला. त्याच्या हाती एक उत्तम तलवार होती. ती त्याने तपस्व्याकडे ठेव म्हणून ठेवली आणि तो निघून गेला. ठेव मोठी जोखमीची. हरवली तर विश्वासघात होईल. म्हणून तपस्वी ती जवळ बाळगू लागला. कंदमुळे आणावयास निघाला तरी तलवार बरोबर. रोज बरोबर, सदा बरोबर. हळूहळू त्याचे मन क्रूर होत गेले, तपावरचा जीव उडाला, आणि शस्त्राच्या सहवासाने तो अखेर नरकात गेला.

एवढीच गोष्ट. तीत रक्ताचा एक थेंब सांडलेला दाखविलेला नाही. त्याने प्रथम कोणाला मारले, झाड तोडले की हरीण कापले, याबद्दल चकार शब्द नाही. आजचा एखादा कथालेखक हीच गोष्ट लिहावयास बसला असता, तर त्याने पहिला वार रंगविण्यात दोन पाने घालविली असती. वाल्मीकीला वाराशी कर्तव्य नाही. त्याचे सारे ध्यान तलवार हातात असण्यावर आहे, चालविण्यावर नाही. दुसरे असे की, इंद्राने त्या तपस्व्याला कोणाला मारावयास सांगितले नव्हते. जपावयास सांगितले होते. लोभी माणसापुढे सोने टाकावे, तसा तपस्व्यापुढे त्याने त्याचाच सद्गुण टाकला. ठेव सांभाळण्याचा प्रामाणिकपणा हाच त्या बिचाऱ्याचा गळ ठरला. माणूस आपल्या दुर्गुणाने बुडतो, हे पुष्कळांनी लिहिले आहे. चांगुलपणाच्याच वाटेने तो पायरीपायरीने खाली कसा उतरतो, हे इतक्या थोडक्यात सांगितलेले माझ्या वाचनात दुसरे नाही.

सीतेच्या बोलण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. आपण शिकवीत नसून स्नेहाने आणि आदराने आठवण करून देत आहोत, असे ती म्हणते. बाईमाणसाच्या चंचलपणाने बोलले, असेही शेवटी म्हणते. पण म्हणावयाचे ते सारे म्हणून झाल्यावर म्हणते! राम तिच्यावर रागावत नाही. तिचे कौतुक करतो, आणि उत्तर देतो की, कोणाच्या तोंडून आर्त हाक निघू नये म्हणूनच क्षत्रिय धनुष्य धरतो. शिवाय मी ऋषींना शब्द दिला आहे. मी प्राण सोडीन, लक्ष्मणाला सोडीन, तुलाही सोडीन, पण दिलेला शब्द सोडणार नाही. पुढची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या मधल्या शब्दांपाशी थबकावेच लागते. या वादात कोण जिंकले, हे कवी सांगत नाही. दोघांचेही बोलणे त्याने पूर्ण होऊ दिले आहे.

आता माझी तक्रार सांगते. मुलांसाठी लिहिलेली जी संक्षिप्त रामायणे माझ्या हाती आली, त्यांतल्या बहुतेकांत हा संवाद नाही. विराध मरतो, ऋषी भेटतात, आणि पान उलटले की पंचवटी. सुवर्णमृग मागणारी सीता प्रत्येक पुस्तकात आहे. तिचा तो हट्ट चित्रासकट छापतात. पण तलवारी हातात देऊन, “या का घेता?” असे विचारणारी सीता पानांच्या काटकसरीत जाते. संक्षेप करणाऱ्याला काहीतरी गाळावे लागते, हे मला मान्य आहे. पण काय गाळले, यावरून त्याला काय महत्त्वाचे वाटले हे कळते. मुलांच्या मनात सीता म्हणजे हरणाला भुललेली एक भोळी बाई एवढीच उरते, हा अन्याय तिच्यापेक्षा मुलांवर अधिक आहे. मुले मोठी झाल्यावर मूळ ग्रंथ वाचतील, ही आशा आपण शिक्षक मंडळी करतो खरे. पण किती जण वाचतात, हे आपल्यालाच ठाऊक आहे.

म्हणून मी ती गोष्ट वर्गात तोंडी सांगते. एकदा ती ऐकून मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, त्याने ती तलवार परत का नाही केली?” मी म्हटले, “ठेवणारा आलाच नाही ना परत.” ती म्हणाली, “मग दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकायची!” मुले हसली. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण त्याचे उत्तर रामायणातच आहे, आणि तेही फार दूर नाही.

सीतेच्या त्या बोलण्यानंतर रामाची सुमारे 10 वर्षे ऋषींच्या आश्रमांतून शांतपणे जातात. मग तिघे अगस्त्यांच्या आश्रमात येतात. बाराव्या सर्गात अगस्त्य रामाला भेट देतात: विश्वकर्म्याने घडविलेले वैष्णव धनुष्य, सूर्यासारखा बाण, कधी न सरणारे बाणांचे दोन भाते आणि सोन्याने मढविलेली तलवार. हे भाते आपल्याला इंद्राने दिले, असे अगस्त्य सांगतात. इंद्राने! म्हणजे इंद्राचे शस्त्र ज्याच्यापाशी आहे, असा हा दुसरा तपस्वी. पहिल्याने ते अंगाखांद्यावर वागविले आणि तो नरकात गेला. दुसऱ्याने ते बाजूला ठेवले, योग्य माणूस येईपर्यंत थांबला, आणि आला तसे देऊन मोकळा झाला. नवव्या आणि बाराव्या सर्गांतले हे दोन तपस्वी कवीने मुद्दाम समोरासमोर बसविले की ते आपोआप बसले, हे मला सांगता येणार नाही. पण एकदा दिसल्यावर ते वेगळे करता येत नाहीत. माझ्या विद्यार्थिनीने मागितले होते ते अगस्त्यांनी केले. शस्त्र जवळ असूनही माणूस बिघडत नाही, जर ते आपले नव्हे हे त्याला ठाऊक असेल तर.

या कसोटीवर इतरांच्या भेटी लावून पाहू. होमरच्या इलियडच्या सातव्या सर्गात हेक्टर आणि एजॅक्स यांचे द्वंद्व होते. रात्र पडते, कोणी हरत नाही, आणि दोघे वीर एकमेकांना भेटी देऊन निरोप घेतात. हेक्टर आपली रुप्याच्या खिळ्यांची तलवार देतो, एजॅक्स आपला तांबडाजर्द कमरपट्टा देतो. शत्रूंनी मित्रांसारखे वागावे, असा हा सुंदर प्रसंग. पण पुढे सॉफोक्लीझने एजॅक्सवर नाटक लिहिले, आणि त्यात अपमानाने वेडावलेला एजॅक्स शुद्धीवर आल्यावर जीव देतो तो हेक्टरने दिलेल्या त्याच तलवारीवर पडून. त्याचा भाऊ प्रेतापाशी उभा राहून आठवण करतो की, हेक्टरलाही एजॅक्सच्याच पट्ट्याने रथाला बांधून फरफटत नेले होते. होमरने दिलेली देखणी भेट सॉफोक्लीझने उलटी करून दाखविली. मैत्री करावयाची तर ती पुरती करावी. वैर पोटात ठेवून धार भेट दिली, तर धार त्या वैराचीच चाकरी करते, असा त्याचा अभिप्राय दिसतो.

आपल्या महाभारतात इंद्र पुन्हा भेटतो. हा देव शस्त्रे देण्यात मोठा हुशार. कर्णाकडून कवचकुंडले घेऊन तो त्याला शक्ती देतो, पण अटी घालून: एकदाच चालेल, प्राणावर बेतल्याशिवाय सोडलीस तर तुझ्यावरच उलटेल, आणि काम झाले की माझ्याकडे परत येईल. कर्ण ती अर्जुनासाठी जपून ठेवतो. 14 व्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाच्या मायेने सैन्य सैरावैरा होते, आणि त्याला ती तेथे खर्चावी लागते. एकदाच चालणाऱ्या शस्त्राचे हे दुःख असते. ज्याच्यासाठी ते ठेवलेले असते, त्याच्यावर ते चालत नाही. आणि चालेपर्यंत मालकाचे सारे आयुष्य त्याच्याभोवती फिरत राहते.

हेच ‘एकदाच’ मराठी रंगभूमीवर 1967 साली निराळ्या रूपात आले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक, पंडित जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब पाहिलेली पिढी आता थोडी उरली असली, तरी 2015 साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट काढल्यामुळे गोष्ट घरोघर पोहोचली. विश्रामपूर संस्थानात राजगायकाला मानाची कट्यार मिळते, आणि त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. गाण्याच्या बक्षिसाला खुनाची सवलत! ही कल्पना प्रथम ऐकताना नाटकी वाटते. पण दारव्हेकरांनी राजाच्या या भेटीत एक मर्म पकडले आहे. शालजोडी दिली असती तर हरणारा गवई फक्त खट्टू झाला असता. कट्यार दिल्याने दोन घराण्यांतल्या चढाओढीला धार आली. इंद्राने तपस्व्याला जसे मारावयास सांगितले नव्हते, तसेच येथल्या राजानेही कोणाला मारावयास सांगितलेले नाही. माफी तेवढी आधीच देऊन ठेवली आहे. माफी आधी मिळाली की अपराध नुसता वाट पाहत बसतो.

या नाटकाची टीका बहुधा संगीताच्या अंगाने होते, आणि ती रास्तच आहे. पण संविधानकाच्या अंगाने त्याचे यश मला यात दिसते की, भिंतीवरची ती कट्यार प्रेक्षकाला सारखी दिसत राहते, सदाशिव चोरून गाणे शिकत असताना तर अधिकच, आणि काळजात शेवटी जी घुसते ती लोखंडाची नसते. नावातच हे सांगून टाकले असूनही प्रेक्षक श्वास रोखून बसतो. नाटककाराने शस्त्र आणून ते न चालविण्याचे धैर्य दाखविले. मात्र एक प्रश्न त्याने बाजूला ठेवला: असली भेट देणाऱ्या राजाचे काय? गवई एकमेकांशी झुंजतात, राजा सिंहासनावर बसून दाद देतो, आणि त्याला कोणी जाब विचारीत नाही. या नाटकात एखादी सीता हवी होती, असे मला वाटत राहते.

आता घरातली गोष्ट. भावाभावांत शस्त्र आले म्हणजे काय होते, हे कर्णपर्वात आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात पडला आहे. अर्जुन भेटावयास येतो. कर्ण मेला असे समजून युधिष्ठिर आनंदतो, आणि तो जिवंत आहे हे कळताच संतापून म्हणतो, तुझे ते गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. अर्जुनाची प्रतिज्ञा अशी की, गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचा मी वध करीन. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. श्रीकृष्ण मध्ये पडतो आणि तोड काढतो की, वडीलधाऱ्याला ‘अरे-तुरे’ करणे हाच त्याचा वध. ज्या घरांत दुखावलेली माणसे अशीच बोलतात, त्या घरांतल्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पण ‘देऊन टाक’ या दोन शब्दांनी अर्जुन इतका पेटला का? कारण ते धनुष्य आता त्याला आपले वाटू लागले होते. ते मुळात अग्नीने वरुणाकडून आणून दिलेले. पण इतकी वर्षे बाळगल्यावर ते अर्जुनाच्या हाताचाच भाग झाले होते. सीतेच्या गोष्टीतला तपस्वी येथे क्षणभर डोकावून जातो.

तरी व्यासांनी अर्जुनाला तेथे सोडलेले नाही. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या वाटेत अग्नी आडवा येऊन उभा राहतो आणि म्हणतो, ते गांडीव आता वरुणाला परत कर. अर्जुन धनुष्य आणि अक्षय भाते पाण्यात टाकतो. तेथे प्रतिज्ञा नाही, संताप नाही, वादही नाही. ज्या शब्दासाठी तो भावाचा जीव घेणार होता, तोच शब्द आता तो निमूट पाळतो. महाभारतातले युद्ध मला येथे संपल्यासारखे वाटते. अठराव्या दिवशी ते नुसते थांबले होते.

इतिहासातल्या भेटींकडे पाहिले तरी हाच ठेवीचा धागा हाती लागतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेल्या वाघनखांच्या पेटीवर मजकूर आहे की, ही शिवाजी महाराजांची वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाकडून भेट मिळाली. ती महाराजांनीच वापरलेली काय, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. पण भेटीची दिशा पाहा. अगस्त्य रामाला देतात ते भरवशाने. मावळती सत्ता जेत्याच्या माणसाला देते ते नाइलाजाने. शब्द दोन्हीकडे ‘भेट’ हाच. 2024 साली ही वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली, ती 3 वर्षांच्या बोलीवर उसनी म्हणून. इतिहासाने येथे इंद्राची ठेव आमच्याकडे ठेवावी, आणि परत नेण्याची तारीखही आधीच सांगावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

सारांश असा की, आपल्या थोर ग्रंथांत धार कोणी कोणाला कायमची दिलेली नाही. दिली आहे ती ठेव म्हणून. ज्याने ती ठेव ओळखली तो अगस्त्य झाला. ज्याने उशिरा ओळखली तो अर्जुन. आणि जो तिला बिलगला तो बुडाला. मग आपल्या आज्यांची ती रीत मला निराळी दिसू लागते. सुरी खाली ठेवून द्यावयाची, म्हणजे काय? मी तुला ती देत नाही, येथे ठेवते. हवी तेवढी वापर आणि पुन्हा येथेच ठेव.

आजच्या आमच्या कथा-कादंबऱ्यांविषयी बोलल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. मी त्यांच्यातलीच एक आहे, तेव्हा हे घरचे बोलणे समजावे. आमच्या गोष्टींत चाकू पुष्कळ आले आहेत, पण ते आकाशातून पडतात. तो कोणी दिला, कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात आला, घरात किती दिवस पडून होता, याची वार्ता नसते. पात्राला खून करावयाचा असतो म्हणून लेखक त्याच्या हाती चाकू कोंबतो. वाल्मीकीने नेमके उलटे केले: तलवार आधी आली, आणि तिच्या मागोमाग पापाची वासना आली. कादंबरीकाराने शिकण्यासारखे यात फार आहे.

आणि वाचकांनी? सुरीची भेट देऊच नये, असे मी म्हणणार नाही. फिनलंडात पुक्को नावाचा कमरेचा चाकू भेट देणे हा सन्मान आणि विश्वास समजतात, आणि मला ते पटते. हातात धार देणे म्हणजे “तुझ्यावर माझा भरवसा आहे” असे म्हणणे. धाकट्या भावाला, नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या मैत्रिणीला, वयात आलेल्या मुलाला असा भरवसा कोणीतरी द्यावयास हवाच. फक्त देताना गप्प बसू नये. सीतेने तलवारी दिल्या आणि मग तोंड उघडले; ज्या हाताने शस्त्र दिले, त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क पोहोचतो, हे तिने जाणले होते. उत्तर पटले असेल-नसेल, पण विचारल्यावाचून ती राहिली नाही. या भाऊबीजेला एखाद्या भावाने बहिणीला चांगल्या पोलादाची सुरी दिली, तर बहिणीने खुशाल घ्यावी, नाणे द्यावयाचे तर द्यावे. आणि तिने उद्या त्याला काही धारेचे दिले, तर सोबत दोन शब्दही द्यावेत. माणसे ते ऐकतातच असे नाही. पण रामायणात ते बोलले गेले होते, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.